पाठीवरचा अंतरपाट

दुकानात गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत जाते. सवय जुनी आहे. पुढे काउंटरवर आई बोलते, मापं घेते, नवरीच्या मावश्या-काकूंना हसवते. मागे कारागिरांच्या खोलीत खिडकीजवळ माझी खुर्ची आहे. तिथे बसून मी दुकानाच्या पेजवर फोटो टाकते आणि आलेल्या मेसेजना उत्तरं देते. लिहून बोलायचं असेल तर मला अडचण येत नाही. कारागिरांनाही माझी अडचण होत नाही, कारण काम सुरू असताना त्यांची मान वर होत नाही.

दुकान नगरच्या कापड बाजारात, एका अरुंद जिन्यावर आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण जामखेडच्या एसटीतून उतरणाऱ्या बायका अजून ‘नगरला आलो’ असंच म्हणतात, आणि आमची बहुतेक गिऱ्हाइकं त्याच एसटीने येतात. आई त्या बाजूची. लग्न होऊन ती शहरात आली, घरच्या मशीनवर ब्लाउज शिवता शिवता तिने हे दुकान उभं केलं, आणि माहेरच्या गावांतून एकीने दुसरीला सांगत तिचं नाव पसरत गेलं. त्या नावावरच दुकान चालतं. आमच्या जिन्याची पाटी रस्त्यावरून धड दिसतही नाही.

नवरीचे ब्लाउज हा आमचा धंदा. शिवणं आईचं, भरतकाम मागच्या खोलीतल्या चौघांचं. चौघे बरेलीकडच्या एकाच गावातले. खोलीच्या मधोमध एक लाकडी चौकट आहे, खाटेसारखी, पण बिनविणीची. तिच्यावर कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणून बांधतात. ते तिला अड्डा म्हणतात, आई खाट म्हणते. दोन्ही अंगांना दोघे दोघे मांडी घालून बसतात. उजवा हात कापडाच्या वर, डावा खाली. वरच्या हातात आरी, म्हणजे लाकडी मुठीची, टोकाला बारीक आकडा असलेली सुई. खालचा हात न बघता तिला दोरा पुरवत राहतो. चौघे एकाच कापडावर चार जागी काम करतात आणि तरी पूर्ण झालेल्या मोरात चार हात दिसत नाहीत. एकाची रेघ कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठून सुरू झाली, हे मी कितीदा शोधून पाहिलं आहे. मला एकदाही सापडलेलं नाही.

शाळेत असताना मी गृहपाठ याच खोलीत करायचे. शाळेतलं इंग्रजी, आईची जामखेडकडची मराठी आणि या चौघांची बोली अशा तिन्ही भाषा माझ्या कानात एकदमच राहायच्या. मी तिन्हींत सारखंच कमी बोलायचे. चौघांत जे थोरले, ज्यांना आईसुद्धा उस्ताद म्हणते, ते एकदा आईला म्हणाले होते, “ताई, ही पोरगी चांगली आहे. आमच्या अड्ड्यावर बसण्यालायक आहे. बोलत नाही.”

खिडकीतून खालची गल्ली दिसते. समोरच्या साडीच्या दुकानाचे मालक मूळचे मारवाडातले. त्यांचे आजोबा केव्हातरी कापडाचं गाठोडं घेऊन आले म्हणे. आता ते गल्लीत वाकडी लावलेल्या मोटारसायकलच्या मालकाला ज्या मराठीत सुनावतात, तसली मराठी मला जन्मात यायची नाही. त्यांच्या शेजारी लेस-बटणांचं दुकान, ते सिंधी कुटुंबाचं. वरच्या मजल्यावर बंगाली सोनार बसतात. दुपारी त्यांच्या खिडकीत निळी ज्योत हलताना दिसते, तेव्हा कुणाच्यातरी मंगळसूत्राच्या वाट्या जोडल्या जात असतात. पलीकडच्या नव्या इमारतीत राजस्थानची माणसं फरशी बसवतात, आणि संध्याकाळी एमआयडीसीतून सुटलेले बिहार-ओडिशाचे कामगार गावी न्यायला कपडे घेतात, भाव करतात, हसतात. एका नवरीला डोक्यापासून पायापर्यंत सजवायला अर्धा देश या गल्लीत उतरलेला असतो, आणि ती नवरी मात्र खर्ड्याची नाहीतर पाथर्डीची असते.

हे सगळं गृहीत धरायची मलाही सवय होती. ती टाळेबंदीत मोडली. चौघे तेव्हा गावी गेले. कुठे चालत, कुठे ट्रकमधून. आईने अड्ड्यावर जुनी चादर घातली. पुढे बाजार उघडला, लग्नंही सुरू झाली, पण अड्डा रिकामाच होता. गल्लीत शटर वर जात होती आणि आत काम करायला माणूस नव्हतं. सोनारांच्या खिडकीत ज्योत नव्हती, इमारतीच्या फरश्या पोत्याखाली पडून होत्या. आईने नगरातच शोध घेतला. आरीचे क्लास केलेल्या मुली भेटल्या. त्यांचा हात सुरेख होता, पण त्या घरी बसून, घरचं सगळं बघून, गळ्यापुरतं किंवा बाहीपुरतं काम करत. दिवस दिवस चौघींनी एका चौकटीभोवती बसायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. आईने कितीतरी नवऱ्यांना साधं शिवून दिलं. बाकी वेळ ती मागच्या खोलीत जाऊन अड्ड्याच्या लाकडाला तेल लावायची. मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि उस्तादांचा आवाज आला, “ताई, खाट आहे ना?” अड्ड्याला त्यांनी पहिल्यांदाच खाट म्हटलं होतं. आई हो म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आता सांगते ती गोष्ट गेल्या लग्नसराईतली.

ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं आपापल्या गावी परतली की आमच्याकडे गर्दी सुरू होते. त्या गर्दीत खर्ड्याची एक नवरी आली, बरोबर तिची आत्या. मुलीचे आईवडील आणि ही आत्या दरवर्षी दिवाळीनंतर कोपरगावकडे ऊस तोडायला जातात. मुलगी मागे राहून शिकली, जामखेडला कॉलेज केलं. नवरा मुलगा कोपरगावकडे कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. त्याचे आजोबा खर्ड्याच्याच बाजूने ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले होते, ते तिकडेच राहिले. म्हणजे आत्या ज्या गावाला सहा महिने पाहुणी असते, त्या गावची ही सून होणार होती.

मुलीने फोनवर एक फोटो दाखवला. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नातला, मंगलाष्टकांच्या वेळचा. हातात हार घेतलेले नवरा-नवरी आणि मध्ये धरलेला अंतरपाट. “पाठीवर हे पाहिजे,” ती म्हणाली. “पालखी नको, मोर नको. हेच.” आईने फोटो घेतला आणि उस्तादांच्या फोनवर पाठवला. दुकानात पाच-सहा जणी मापासाठी उभ्या होत्या. समजावून सांगायचं त्यात काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

उस्तादांनी तो ब्लाउज स्वतःच्या हाताने भरला. बाकीच्या तिघांना त्यांनी बाह्या दिल्या आणि पाठीकडे कुणाला येऊ दिलं नाही. दोन्ही आकृत्या तळहाताएवढ्या. शालूच्या चौकड्या सोनेरी, फेट्याचा तुरा लालसर, हारातलं प्रत्येक फूल वेगळं. डोळ्यांना त्यांनी काळे मणी लावले होते, इतके बारीक की ते लावताना ते श्वास धरून ठेवायचे. मी रोज बाजूला बसून होते. मी पाहत होते ते मणी आणि तो हात. चित्रात काय नाही, हे पाहायचं मला सुचलं नाही.

हळदीला दोन दिवस असताना आत्या आणि नवरी पुन्हा आल्या. कापड अजून अड्ड्यावरच होतं. भरून झाल्याशिवाय कापून शिवता येत नाही. आत्यांना थांबायचं नव्हतं. “कुठं हाय त्ये, दावा की,” म्हणत त्या पडदा सारून सरळ मागच्या खोलीत आल्या. कारागिरांनी गडबडीने डबे आणि वळकट्या बाजूला सरकवल्या.

आत्या वाकून पाहू लागल्या. “आगं बया,” त्या हळूच म्हणाल्या. “डोळं बगा. जित्तं वाटतंय.” मग त्यांचं बोट दोन्ही आकृत्यांच्या मधल्या जागेवर येऊन थांबलं. “आन् अंतरपाट?”

उस्तादांनी आईकडे पाहिलं. “कौनसा पाट, ताई?”

आईने फोन उघडून फोटोतलं कापड दाखवलं. उस्तादांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

“ये चद्दर?” ते म्हणाले. “ये तो कोई बीच में लेके आ गया ना. दूल्हे का मुँह आधा ढक गया था. फोटो खराब झाला होता. मैंने हटा दिया.” आणि थोडं थांबून, त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितली. “दोनों को थोड़ा पास भी लिया.”

नवरी खुदकन हसली. तिला ते हसू आवरेना, तोंडावर ओढणी धरून ती खाली बसली. आत्या हसल्या नाहीत.

“हसती काय? लगीन लागायच्या आदीच ही दोगं एकमेकांस्नी बगाय लागल्यात.”

“आत्या, आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बघतोच की.”

“ते फोनात. ह्ये बोहल्यावर. मांडवात साऱ्या गावच्या बाया हिच्या पाठीमागं उब्या ऱ्हानार, त्यांच्या डोळ्यांम्होरं ह्येच येनार. बिनअंतरपाटाचं लगीन.” त्या आईकडे वळल्या. “बाई, ह्यो ब्लाउज घालून माजी पोर उबी ऱ्हायची न्हाई. तुमीच सांगा, तुमच्या पोरीला तुमी घातला असता का?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिची आभारी होते.

“मधी घालून देतो अंतरपाट,” ती म्हणाली. “उस्ताद, बसेल ना?”

उस्तादांनी मान हलवली. जागाच नव्हती. जवळ घेण्याच्या नादात त्यांनी दोघांचे हार एकमेकांना टेकवले होते. हारांवर पुन्हा भरतकाम केलं असतं तर नुसता गोळा झाला असता. उसवलं असतं तर रेशमावर सुईची भोकं राहिली असती, आणि ब्लाउजचं कापड शालूबरोबरचं, दुसरं मिळणारं नव्हतं. आत्यांना हे सगळं सांगावं लागलं नाही. त्या कापडाकडे पाहत होत्या आणि त्यांना दिसत होतं. मग त्या जे म्हणाल्या ते मला वाटतं रागापेक्षा भीतीने म्हणाल्या.

“आपल्या मानसाकडनं करून घेतलं असतं तर ह्ये झालं नसतं.”

बाकीचे तिघे मान खाली घालून दोरे गुंडाळत होते. त्यांना मराठी चांगली समजते. हे आत्यांना माहीत नसावं.

“आपलं माणूस कोण, आत्याबाई?” आई शांतपणे म्हणाली. “शालू घेतलात ते शेठ मारवाडातले. गळ्यातलं घडवलं ते समोर बसलेत बघा, बंगालचे. हे चौघे बरेलीचे. आणि मी जामखेडची. नगरचं असं कोण काढू मी? यांनी नाही भरलं तर या खाटेवर कुणी बसत नाही. मी वाट बघून बसलेय एकदा.”

नवरी अजून खालीच बसली होती. ती म्हणाली, “आत्या, तिकडं कारखान्यावर आपली गाडी पोचली की गाववाले काय म्हणतात, तूच सांगायचीस.”

“काय म्हंत्यात?”

“आली टोळी, कोंबड्या कोंडा.”

“व्हय. म्हंत्यात,” आत्या तोंड वाकडं करून म्हणाल्या. “आन् टोळी न्हाई आली तर कारखान्याचं धुराडं थंड पडतंय, त्ये न्हाई म्हनत कुनी.”

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी लावलेल्या वळकट्या, खिळ्याला टांगलेल्या पिशव्या, कोपऱ्यातली गॅसची छोटी शेगडी, तिच्यावर झाकलेलं पातेलं. मी ती खोली आयुष्यभर पाहत आले होते, पण त्यांनी ती एका नजरेत ओळखली. त्या अड्ड्याजवळ सरळ जमिनीवर बसल्या.

“जेवन कोन करतं तुमचं?”

“बारी बारी से,” उस्ताद म्हणाले. “आज मेरी बारी थी, इसलिए दाल पतली है.”

“आन् लेकरं?”

“गाँव में. अम्मा के पास.”

आत्यांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वतःच पदराचं टोक दोन हातांत आडवं धरलं आणि उस्तादांना अंतरपाट समजावून सांगितला. एकीकडे नवरा, एकीकडे नवरी, मध्ये हे. भटजी मंगलाष्टका म्हणणार, शेवटचं सावधान झालं की हे ओढून काढायचं, तोवर एकमेकांना बघायचं नाही.

उस्ताद मन लावून ऐकत होते. “हमारे में तो दुल्हन दूसरे कमरे में बैठती है,” ते म्हणाले. “निकाह के बाद आइने में देखते हैं, पहली बार.”

“म्हंजे आमच्यात नुसतं फडकं, तुमच्यात भितच म्हना की,” आत्या म्हणाल्या, आणि खोलीतलं पहिलं मोकळं हसू तेव्हा झालं. त्या तिघांपैकी एकजण इतका हसला की त्याला हातातला दोरा खाली ठेवावा लागला.

उस्ताद मात्र विचारात होते. त्यांनी आत्यांनाच पुन्हा विचारलं, “वो हट जाता है ना? शादी होते ही?”

“व्हय. काढूनच टाकत्यात.”

“तो मैं हटनेवाला लगा देता हूँ.”

आधी कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी अस्तराच्या पांढऱ्या मलमलीचा तुकडा घेतला, दोन आकृत्यांच्या मध्ये उभा लोंबता धरला आणि सोडला. तुकडा हारांवरून अलगद खाली आला. भरायचंच नाही, उसवायचंही नाही. वरच्या बाजूला दोन इवले हूक, कापडावर दोन दोऱ्याचे फासे. लावला की अंतरपाट, काढला की लग्न लागलं.

आत्या त्या तुकड्याकडे आणि मग उस्तादांकडे बघत राहिल्या. “पर स्वस्तिक पायजे त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “शास्तर त्ये शास्तर.”

“आप बना दो,” उस्तादांनी खडू पुढे केला. “मुझसे उल्टा-सीधा हो गया तो अब मेरी खैर नहीं.”

आत्यांनी मांडीवर तुकडा पसरून खडूने स्वस्तिक काढलं. एक हात जरा लांब झाला, एक थोडा खाली कलला. त्यांना ते पुसायचं होतं, पण उस्तादांनी तुकडा काढून घेतला आणि लाल रेशमाने त्याच रेघांवर टाके घातले. लांब हात लांबच ठेवला, कललेला कललेलाच. ज्यांना रेघ केसाइतकी सरकली तरी चैन पडत नाही, त्यांनी ते असं का केलं, हे मी विचारलं नाही.

पण आत्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. त्यांनी लटकता तुकडा खालीवर करून पाहिला, फुंकर मारून पाहिली, नवरीला पाठमोरी उभी करून कापड तिच्या पाठीशी धरलं. “मांडवात बगू,” त्या म्हणाल्या. “बायांनी नावं ठिवली तर मी तितल्या तितं शेला गुंडाळनार हिला, आदीच सांगते. आन् तुमी समद्यांनी यायाचं लग्नाला. तुमीबी,” हे उस्तादांना. “ज्यानं हुक लावलेत त्यानंच हजर ऱ्हावं. ऐन टायमाला निघालं न्हाई तर काय करू मी?”

उस्ताद नुसते आईकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं नगर जिल्ह्यातल्या नवऱ्यांचे कपडे भरूनही यांनी इथलं एक लग्न पाहिलेलं नाही. ब्लाउज शिवून झाला की नवरी घेऊन जाते. पुढे तिचं काय होतं ते फोटोतच दिसतं, आणि ते फोटो पेजवर मीच टाकते.

लग्नाच्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही सकाळची जामखेडची एसटी धरली. जामखेडहून खर्ड्याला जीपने. चौघांनी इस्त्रीचे कुडते घातले होते आणि चौघे जीपमध्ये एकमेकांना चिकटून गप्प बसले होते. मी अनोळखी घरी जाताना जशी बसते, तसे. किल्ल्याच्या अलीकडे रानात मांडव होता. ऊन रणरणत होतं, कुलर नुसताच आवाज करत होता.

मी आईच्या मागे मागे नवरीच्या बाजूच्या बायकांत जाऊन उभी राहिले. नवरीच्या खांद्यावर शेला होता. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं, समोर खरा अंतरपाट धरला गेला, आणि आत्यांनी एक खोल श्वास घेऊन नवरीच्या पाठीवरचा शेला बाजूला केला.

मागच्या बायका माना पुढे काढून बघू लागल्या. आत्यांचा हात शेल्यावरच होता. मग कुणीतरी म्हणालं, “ह्ये काय गं, हितंबी लगीन चाललंय.” दुसरी पुढे सरकली. “अंतरपाट बग की, हलतोय. खराखुरा हाय.” “स्वस्तिक कोनी काढलं, वाकडं हाय जरा.” “वाकडं तर वाकडं,” आत्या मागे न बघता म्हणाल्या, “माज्या हातचं हाय.” आणि शेल्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

पुरुषांच्या बाजूला उस्ताद दिसत होते. कुणीतरी त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या होत्या. प्रत्येक सावधानला ते शेजारच्याकडे बघून, त्याच्या पाठोपाठ थोड्या थोड्या टाकत होते. पण नजर अंतरपाटावर होती, समोरच्या खऱ्या. इतक्या लांबून त्यांना पाठीवरचा दिसणार नव्हता.

शेवटचं सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली, समोरचा अंतरपाट ओढून घेतला गेला. आत्यांनी नवरीच्या पाठीला हात घातला. हूक निघेना. कोयत्याने घट्टे पडलेली ती बोटं दोऱ्याच्या फाशात जाईनात, आणि पुढे हार घालायची घाई चाललेली. आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं. उस्ताद बघत होते, पण बायकांच्या गर्दीत, नवरीच्या पाठीशी ते येऊ शकत नव्हते. त्यांनी लांबूनच दोन बोटं वर उचलून आतल्या बाजूला वळवून दाखवली. आत्यांना कळलं नाही. मला कळलं. मी तो हात रोज बघते.

“ए पोरी, तुजी बोटं बारीक हायत, ये हिकडं,” आत्या म्हणाल्या, आणि माझा दंड धरून त्यांनी मला पुढे ओढलं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एरवी मी अशा वेळी पाणी प्यायला जाते. मी हूक वर उचलला, आत वळवला, फासा सुटला. मग दुसरा. तेवढ्यात वरून अक्षतांचा मारा झाला आणि माझ्या केसांत, नवरीच्या पाठीवर, त्या दोन छोट्या माणसांवर तांदूळच तांदूळ पडले.

“निघालं का?” नवरीने मान न वळवता विचारलं.

“निघालं,” मी म्हणाले.

आत्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, कपाळाला लावला आणि स्वतःच्या ब्लाउजच्या आत खोचला. मग त्यांनी नवरीची पाठ पुरुषांच्या बाजूला दिसेल अशी तिला हलकेच वळवली. नवरीला ते कळलंही नसेल, तिचं लक्ष हारात होतं. उस्तादांनी पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. त्यांच्या मुठीत थोड्या अक्षता उरल्या होत्या. त्या त्यांनी तेव्हा टाकल्या, सगळ्यांच्या नंतर, एकट्यानेच.

पंगतीत चौघे शेवटच्या टोकाला बसले होते. आत्या स्वतः बुंदी वाढत आल्या आणि नको नको म्हणताना त्यांनी पत्रावळी भरल्या. उस्तादांच्या शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा होते. ते बराच वेळ या चौघांना न्याहाळत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “कुठलं म्हनायचं पाव्हनं?”

उस्तादांनी घास संपवला.

“नगरचे,” ते म्हणाले.

“नगरात कुठं?”

“कापड बाजार.”

“मग काय, जवळचंच की,” आजोबा म्हणाले, आणि पुढे गेलेल्या वाढप्याला त्यांनी हाक मारली. “ए, हिकडं आमटी आन. पाव्हन्यांच्या भातावर कायच न्हाई.”